मॅरेथॉनआप्पा

पन्नाशीकडे झुकलेला, कृषी सेवा केंद्र चालवणारा आणि डॉक्टरांनी ‘साखर बॉर्डरवर आहे’ असं बजावलेला माणूस आमच्या तेरमध्ये एक तर सकाळी फिरायला लागतो, नाहीतर कीर्तनाला पुढच्या रांगेत बसायला लागतो. आप्पा पळायला लागले. पहिले काही दिवस गावाला मेळच लागेना. या वयाचा माणूस पहाटे पळताना दिसला, म्हणजे कुणाची तरी म्हैस सुटली असणार किंवा कुणीतरी गेलं असणार. “आप्पा, कोण गेलं हो?” असं विचारत दोघं-तिघं टोपी घालून मागोमाग निघालेसुद्धा. आप्पा घड्याळाकडे बघत ओरडले, “झोन टू चाललाय, बोलवू नका!” झोन टू कुठल्या गल्लीत राहतो, याची चौकशी मग दुपारपर्यंत चालली.

आप्पांचं पळणं बघणाऱ्याला खरं तर पाणीच जास्त दिसतं. कमरेच्या पट्ट्याला चार बाटल्या, हातात एक, आणि ढोकी रस्त्याच्या बाभळीखाली आदल्या रात्री लपवून ठेवलेली एक. आमच्या भागाला हे जरा जड जातं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो हा मुलूख. इथं माणसं पाण्यासाठी पळत आली. अंगावर पाणी बांधून, कुठंही पोचायचं नसताना पळणारा माणूस गावानं पहिल्यांदाच पाहिला. बाभळीखालची बाटली अर्थातच राहत नाही. शेळ्या राखणारं एक पोरगं ती पिऊन रिकामी बाटली मात्र इमानदारीत परत त्याच जागी ठेवतं.

दुकानात आप्पा भारी काटेकोर. “पंधरा लिटरच्या पंपाला एवढंच टाका, जास्त टाकलं तर पीक करपंल,” हे ते दिवसातून शंभरदा सांगतात. स्वतःची पाळी आली की हिशेब फिरतो. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्याची, तिच्यात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज त्याच मापानं घातलेलं असतं. आप्पांची बाटली अर्ध्या लिटरची. आप्पा अख्खी पुडी त्यात रिचवतात, “डोस स्ट्राँग पाहिजे” म्हणून. मग पोटात जे करपायचं ते करपतं, आणि तेरणेच्या पुलापलीकडे त्यांचा वेग अचानक कसा वाढतो, हे भोवतालच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे.

एका रविवारी तेर ते धाराशिव पळायचं ठरलं. वीसेक किलोमीटर, म्हणजे जवळपास हाफ मॅरेथॉन. कुणीतरी सांगितलं होतं, आधी भरपूर पाणी प्या. आप्पा पहाटे तीनपासून पीत बसले. पुढचा सगळा प्रवास या झाडापासून त्या झाडापर्यंत, असाच झाला. धाराशिवला नर्सिंग शिकणाऱ्या भाचीनं त्यांना समोर बसवून झापलं. बोस्टनच्या २००२ च्या मॅरेथॉनमधल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं, तर १३ टक्के लोकांचं सोडियम घसरलेलं निघालं. कारण काय, तर बहुतेकांनी पळता पळता गरजेपेक्षा जास्त पाणी ढोसलं होतं. “मामा, अशानं डोकं सुजतं, माणूस मरतो. तहान लागेल तेवढंच प्या.” आप्पा गंभीर झाले. एसटीत बसून परत येताना त्यांनी तहान लागली का, हे दर पाच मिनिटांनी तपासलं.

तेव्हापासून विषय शास्त्रीय झाला. पळण्याआधी आणि नंतर वजन करायचं; एक किलो घटलं तर साधारण एक लिटर घाम गेला, असं गणित. घरचा काटा पोरांनी मोडलेला, म्हणून आप्पा आडत दुकानातल्या काट्यावर उभे राहतात. सोयाबीनच्या हंगामात तिथं कट्ट्यांची रांग, आणि मधेच निथळणारे आप्पा. सोयाबीनमध्ये ओल बारा टक्क्यांच्या वर गेली की भाव पडतो. आडत्यानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “आप्पा, मॉइश्चर लई दिसायलंय. कट लागंल.”

गिऱ्हाइकांचीही सुटका नाही. माणूस येतो सोयाबीनवरच्या अळीचं विचारायला, आप्पा विचारतात, “लघवी कसल्या रंगाची होते?” फिकट पिवळी बरी, गडद असेल तर पाणी कमी पडतंय, हे ज्ञान योग्यच आहे. पण शेजारी व्याही उभे असताना त्याचं उत्तर कसं द्यायचं?

इतिहासाचा त्यांना आधार वाटतो. तेर म्हणजे जुनं तगर. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की पैठणहून तगरला दहा दिवस लागत आणि इथला माल गाड्यांतून भडोचला जाई. आप्पांनी नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषेत दीडशे किलोमीटर काढले. “दिवसाला पंधरा. माझा रोजचा सराव!” रोज धरायचं की महिन्यातून दोनदा, ते आम्ही विचारलं नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन दोन तास पन्नास मिनिटांत पळून एकोणिसावे आले, हेही ते सांगतात. शेजारच्या बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे तर त्यांच्या बोलण्यात भाऊबंदासारखा येतो. साबळेच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. “बघा,” आप्पा म्हणतात, “सात वेळा पाणी, आणि पठ्ठ्या एकदाही पीत नाही!”

त्यांच्या पुढून रोज पोलीस भरतीची पोरं निघून जातात. त्यांचा मामला सोळाशे मीटरचा. खिशात भिजवलेले हरभरे, पायात मोठ्या भावाचे बूट, आणि पळून झालं की हापशावर चूळ. आप्पा त्यांना इलेक्ट्रोलाइट समजावू लागतात, तोवर ती दुसरी फेरी मारून आलेली असतात. घरी काकूंचं मत वेगळंच. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी वाजवून नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती कथा सांगून त्या म्हणतात, “आमचं मडकं तर वाजवायचीबी गरज नाही. पाझरतंयच.” त्या त्यांना मीठ-जिरं घातलेलं ताक देतात. आप्पा ते पितात, पण वहीत लिहिताना ‘रिकव्हरी ड्रिंक’ असं लिहितात.

सध्या त्यांच्या डोक्यात गावाची स्पर्धा घेण्याचं आहे. परवा देवळात बैठक झाली. बक्षिसं ठरली, प्रमुख पाहुण्यांवरून भांडण झालं आणि मिटलंही. मग आप्पांनी दर अडीच किलोमीटरला पाण्याची सोय मांडली. तारीख निघाली होती मे महिन्यातली, शाळेला सुट्टी म्हणून. टँकरवाला कोपऱ्यात बसला होता. त्यानं शांतपणे विचारलं, “खेपा किती लागतील, अन् पैसे ग्रामपंचायत देणार का आप्पा?”

बैठक तिथंच उठली. टी-शर्ट मात्र आप्पांनी आधीच छापायला टाकले होते.