सरचिटणीस

परदेशी माणसं जिथे जिथे वस्तीला येतात, त्या प्रत्येक शहरात एक सरचिटणीस असतो. त्याला कोणी निवडून दिलेलं नसतं, त्याची मुदत संपत नाही, आणि त्याच्यावर अविश्वासाचा ठराव आणण्याइतके दिवस एकही सभासद शहरात टिकत नाही. लिस्बनमध्ये तो आयरिश असेल, बर्लिनमध्ये ब्राझीलचा. आमच्या व्हॅलेन्सियात तो सांगलीचा निघाला. सांगलीहून हिंजवडी, हिंजवडीहून रॉटरडॅम आणि तिथल्या पावसाला विटून इथे, असे ते आले. कॉम्प्युटरवर बसून ते काहीतरी नोकरी करतात. नक्की काय, ते मी कधी विचारलं नाही. लोकांच्या ओळखी करून देणं हेच त्यांचं खरं काम, नोकरी आपली पोटापुरती.

तुम्ही नवे आलात की आठवड्याच्या आत सरचिटणीस तुम्हाला गाठतात. आधी नाव, मग गल्ली, मग भाडं. भाड्याचा आकडा ऐकून ते "फसवलं राव तुम्हाला" असं इतक्या आपुलकीने म्हणतात की फसल्याचं काही वाटेनासं होतं. मग फोन निघतो. त्यांच्या फोनात आडनावं नाहीत. 'मार्को पिझ्झा', 'आना कुत्रेवाली', 'टॉम लीड्स टकला', 'टॉम लीड्स केसवाला' अशी सगळी वस्ती आहे. तुमच्याही नावापुढे असंच काहीतरी लागलेलं असतं. ते वाकून बघायला जाऊ नये.

दर मंगळवारी संध्याकाळी रुसाफातल्या एका बारमध्ये त्यांचा दरबार भरतो. भाषांची देवाणघेवाण, असं त्याचं अधिकृत नाव. येणाऱ्याच्या छातीवर सरचिटणीस स्वहस्ते झेंड्याचे छोटे स्टिकर चिकटवतात, बोलता येणाऱ्या भाषेचा एक आणि शिकायच्या भाषेचा एक. स्पॅनिश माणसाने तुमच्याकडून इंग्रजी घ्यावी, तुम्ही त्याच्याकडून स्पॅनिश घ्यावी, असा मूळ बेत. प्रत्यक्षात एक पोलिश मुलगी आणि एक कोरियन मुलगा मोडक्या स्पॅनिशमध्ये बोलत बसलेले असतात, आणि वाक्य भूतकाळापाशी अडलं की दोघंही बिअरचा घोट घेतात. अख्ख्या बारमध्ये खरा स्पॅनिश माणूस एकच. त्याच्याभोवती कडं पडलेलं असतं. तो बहुधा पुढच्या महिन्यात नोकरीसाठी डब्लिनला निघालेला असतो.

मैत्री जुळते ती व्याकरणावर नाहीच. ती जुळते कागदांवर. पालिकेच्या दप्तरी पत्त्याची नोंद, रहिवासी कार्डासाठी बोटांचे ठसे द्यायची न मिळणारी तारीख आणि डिपॉझिट गिळून बसलेला घरमालक. ही तीन दुःखं ज्याची आपल्यासारखीच, तो मित्र. वर्षभर याच विषयांवर दिलजमाई झालेली जोडपी मी पाहिली आहेत. तारीख मिळाली, कार्ड हातात आलं आणि त्यांच्यातलं बोलणंच संपलं.

2022 मध्ये 'इंटरनेशन्स'ने परदेशी रहिवाशांची मतं विचारून शहरांची यादी लावली, त्यात व्हॅलेन्सिया पहिलं आलं, दुबई दुसरी. सरचिटणीस ही बातमी अजून सांगतात, आणि अशा नम्रपणे सांगतात की परीक्षेला कोण बसलं होतं याबद्दल ऐकणाऱ्याला शंका राहू नये. पुढे 2023 पासून लॅपटॉपवर पोट भरणाऱ्या परदेशी मंडळींना वेगळा व्हिसा मिळू लागला आणि दरबारात बसायला खुर्च्या पुरेनात. घरभाडी चढत होतीच. 2024 च्या ऑक्टोबरात शहरात त्याविरुद्ध मोठा मोर्चा निघाला, तेव्हा सरचिटणीसही तावातावाने त्यात गेले. मोर्चात भाडेवाढीची जी कारणं ओरडून सांगितली जात होती, त्यांतली बरीचशी त्यांच्या फोनात नावानिशी नोंदलेली होती.

जून आला की निरोपाचे दिवस सुरू होतात. इरास्मसचे विद्यार्थी परततात, भटके लॅपटॉपवाले पुढच्या गावाला लागतात. 1957 च्या पुरानंतर इथली तुरिया नदी शहराबाहेरून वळवली आणि जुन्या पात्रात लांबच लांब बाग केली. त्या बागेत, पाणी गेलेल्या कुठल्यातरी पुलाच्या सावलीत, सरचिटणीस चादर अंथरून निरोप समारंभ करतात. जाणारा रडतो, मिठ्या मारतो आणि बॅगेत न बसणारं सगळं सरचिटणीसांच्या गळ्यात घालून जातो. त्यांचं घर एकदा पाहण्यासारखं आहे. चार टोस्टर. 'हा कर्स्टिनचा, एकाच बाजूने भाजतो.' गुंडाळलेल्या योगाच्या चटया कोपऱ्यात उभ्या. अर्ध्या अर्ध्या भरलेल्या ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या. गॅलरीत मोनिकाचं निवडुंग, टॉम लीड्स टकल्याची तुळस आणि एक उकुलेले, ज्याचा मालक आता त्यांनाही आठवत नाही. सांगलीची आई व्हिडिओ कॉलवर हा पसारा बघून विचारते, "दुकान काढलंस का रे?"

एवढं असून सरचिटणीसांना एक सल होता. फोनात जगभरची माणसं, पण व्हॅलेन्सियाचा माणूस नाही.

यात व्हॅलेन्सियाच्या माणसाचा दोष काढणं मला पटत नाही. तो दिलदार असतो. सकाळी दहाच्या सुमाराला कोपऱ्यावरच्या बारमध्ये जा. पुढ्यात हातभर लांब पावाचं सँडविच, ऑलिव्ह, सालासकट भाजलेले शेंगदाणे आणि शेवटी छोट्या काचेच्या ग्लासात रम पेटवून केलेली कॉफी, वर लिंबाची साल, दालचिनी. शेजारच्या स्टुलावरचा अनोळखी म्हातारा तुम्हाला आपलं हर्नियाचं ऑपरेशन सांगेल, भावाशी चाललेला संत्र्याच्या बागेचा तंटा सांगेल, तुमचं बिलही देऊन टाकेल. फक्त घरी बोलावणार नाही. घर घरच्यांसाठी, मित्र बारमध्ये, आणि मित्रांच्या जागा शाळेतच भरलेल्या. पहिलीच्या बाकावर जे बसले तेच चाळिशीत मुलांच्या बारशाला, तेच साठीत पत्त्यांच्या डावाला. रविवारी आईकडे पाएया, म्हणजे इथला खास भात. आणि ऑगस्टमध्ये गणपतीला चाकरमानी कोकणात जावेत तसं अर्धं शहर आपापल्या गावाला जातं. मागे पस्तीस अंशांच्या उकाड्यात उरतात बंद शटरं, पर्यटक आणि सरचिटणीस. "तुमचं गाव कुठलं?" या प्रश्नाला त्यांनी एकदा "सांगली" असं उत्तर दिलं, तर समोरच्याने ते कॅस्टेयोन जिल्ह्यात आहे का, असं विचारलं.

शेवटी कोणीतरी त्यांना अक्कल दिली: फायात जा.

फायास हा इथला मार्चमधला सण. एक मार्चपासून रोज दुपारी दोन वाजता पालिकेच्या चौकात कान फाटतील असे फटाके, चौकाचौकात घराएवढे पुतळे आणि एकोणीस तारखेच्या रात्री सगळ्या पुतळ्यांची होळी. मागे चारशेच्या आसपास गल्लीमंडळं राबतात, त्यातल्या एकेकाला फाया म्हणतात. प्रत्येकाची कचेरी, अध्यक्ष, खजिनदार, महिन्याची वर्गणी. वर्गणी भरणाऱ्याला शाळा कुठली, असं कोणी विचारत नाही. सांगलीच्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्याच दिवशी ते वर्गणी भरून आले.

पहिल्या शुक्रवारी मंडळाचं जेवण होतं. पाव मंडळाचा, बाकी ज्याने त्याने घरून आणायचं. सरचिटणीस मसालेभात घेऊन निघाले. मी त्यांना जिन्यातच अडवलं. व्हॅलेन्सियाच्या माणसापुढे भाताशी खेळू नये. 2016 मध्ये जेमी ऑलिव्हर या इंग्रज शेफने पाएयात चोरिसो सॉसेज घातलं तेव्हा इथून जी शिवीगाळ झाली ती मी विसरलो नव्हतो. पण ते कुणाचं ऐकतात? गेले. मंडळाच्या खजिनदारबाईंनी चमच्याने भात उकरला, तोंडली निरखून पाहिली, एक घास घेतला आणि निकाल दिला, "पाएया म्हणून आणला असतास तर हाकललं असतं. भात म्हणून चांगला आहे." डबा रिकामा परत आला. अडचण एवढीच झाली की सरचिटणीसांनी घाम गाळून बी-वन पातळीपर्यंत स्पॅनिश शिकलं होतं आणि तिथे रंगात आलेले म्हातारे आपसात व्हॅलेन्सियन बोलत होते. मंगळवारच्या दरबारात आता स्वतः सरचिटणीसांच्या छातीवर एक तिसरा स्टिकर असतो.

नव्या सभासदाला मंडळात मान मिळतो की नाही ठाऊक नाही, काम मिळतं. त्यांना लॉटरीची पुस्तकं मिळाली. बावीस डिसेंबरच्या मोठ्या सोडतीच्या तिकिटाचे हिस्से पाच-पाच युरोला विकायचे. चार युरो सोडतीचे, एक मंडळाचा. जुने सभासद हे हिस्से वर्षानुवर्षं त्याच मामाला, त्याच न्हाव्याला विकत आले होते आणि ते गिऱ्हाईक पुरतं आटलं होतं. सरचिटणीसांनी फोन उघडला. मार्को पिझ्झा, आना कुत्रेवाली, दोन्ही टॉम. गेलेल्यांनाही सोडलं नाही, निवडुंगाचा फोटो पाठवून मोनिकाकडून वीस युरो वसूल केले. पंधरा दिवसांत पुस्तकं संपली. अध्यक्ष स्वतः नवी घेऊन त्यांच्या घरी आले, टोस्टर बघून गेले, एक घेऊनही गेले.

परवा मंगळवारी सरचिटणीस माझ्यापाशी आले. हातात पुस्तक, कानावर पेन. मी एक हिस्सा मागितला. त्यांनी चार फाडले.

"काय राव, आपल्याकडचे ना तुम्ही?"

मी म्हटलं, मी साताऱ्याचा.

"मग शेजारचाच जिल्हा की," असं म्हणून त्यांनी पाचवा फाडला.