वेगाची चकती

क्यूएलसी प्लस या प्रकाशयोजनेच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्पीड डायल' नावाची एक गोल चकती असते. ती उजवीकडे फिरवली की रंगमंचावरचे दिवे मंदावतात आणि डावीकडे फिरवली की पळत सुटतात. आकडा वाढला की वेग कमी! हे काहीतरी उलटं बसलंय, अशी प्रत्येक नवख्याची पहिली तक्रार असते. उलटं काहीच नसतं. नाव वेगाचं असलं तरी चकती मोजते ती वेळ. एका पायरीला किती वेळ द्यायचा, ते तास, मिनिटं, सेकंद आणि मिलिसेकंदांत. यातला तासांचा रकाना मला फार आवडतो. वेग ठरवायला बसलेल्या माणसाच्या हाती तास हे एकक द्यायचं, याला मोठं मन लागतं.

सॉफ्टवेअर फुकट आहे. फिनलंडच्या हेइक्की युन्निला यांनी ते सुरू केलं, पुढे इटलीच्या मास्सिमो काल्लेगारी यांनी वाढवलं, आणि आता ते हौशी मंडळींच्या जुन्या लॅपटॉपांवर सुखाने नांदतं. आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीतही ते तसंच आलं. दिवे भाड्याचे, लॅपटॉप सेक्रेटरींच्या मुलीचा, आणि 'तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरवरच असता ना?' एवढ्या एका पात्रतेवर नेमलेला ऑपरेटर मी.

आता 'चेसर' घ्या. 'पार' नावाचे चार दिवे ओळीने टांगलेले. पहिला पेटतो, मग दुसरा, तिसरा, चौथा, पुन्हा पहिला. समोर बसलेल्यांना उजेड पळताना दिसतो. प्रत्यक्षात कुणीही जागचं हललेलं नसतं. दिवे आपापल्या पाइपाला लटकून पेटतात आणि विझतात, पळापळ सगळी प्रेक्षकांच्या डोळ्यांत. तेव्हा इथे वेग वाढवायचा म्हणजे कुणाला पळवायचं नसतं, प्रत्येकाची थांबायची मुदत कापायची असते. या थांबण्याचे सॉफ्टवेअर तीन भाग करतं. उजेड चढायला लागणारा वेळ म्हणजे फेड इन, चढल्यावर टिकण्याचा होल्ड आणि उतरण्याचा फेड आउट. पहिल्या दोघांची बेरीज म्हणजे त्या पायरीची मुदत, ड्युरेशन. तिसरा हिशोबात धरलेलाच नाही, कारण पहिला दिवा उतरत असताना दुसरा चढू लागलेला असतो. जाणाऱ्याचा वेळ येणाऱ्याच्या खात्यावर.

यांपैकी कुणाकुणाला चकती जोडायची ते आपण ठरवायचं, आणि खरी गंमत इथेच आहे. समजा, फेड इन दोन सेकंदांचा आहे आणि चकती फक्त ड्युरेशनला जोडली आहे. गाणं रंगात आलं म्हणून ती डावीकडे फिरवत अर्ध्या सेकंदावर आणली. दिवे भराभर बदलू लागतात खरे, पण मंच काळवंडत जातो. प्रत्येक दिवा पाव उजेडापर्यंत चढतो न चढतो तोच त्याची पाळी संपते. पंगतीत भातावर वरण पडायच्या आत कुणी पान उचलायला यावं, तसं. मागच्या रांगेतून 'बल्ब गेलेत वाटतं' असा शेरा येतो आणि दिवे भाड्याने देणाऱ्याचा उगाच उद्धार होतो. उपाय साधा आहे. फेड इनलाही त्याच चकतीला जोडायचं आणि त्याच्यापुढे गुणक निवडायचा, समजा १/४. मग चकती कितीही फिरवा, चढणं आणि टिकणं यांचं प्रमाण तेच राहतं. मला विचाराल तर या सॉफ्टवेअरची निम्मी हुशारी या एका गुणकाच्या रकान्यात आहे, आणि नेमका तोच रकाना कुणी उघडून पाहत नाही.

मिलिसेकंदांच्या रकान्याबद्दल मात्र फार हुरळून जाऊ नये. सॉफ्टवेअर स्वतः सेकंदाला ५० वेळा हिशोब करतं, म्हणजे २० मिलिसेकंदांतून एकदा. तो हिशोब ज्या भाषेतून दिव्यांपर्यंत जातो ती डीएमएक्स ५१२, अमेरिकेतल्या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेने १९८६ साली ठरवलेली. तिच्यात सगळेच्या सगळे ५१२ चॅनल भरले तर निरोप सेकंदाला साधारण ४४ वेळाच पोचतो. चकतीवर ७ मिलिसेकंद लिहिण्याचं समाधान तुमचं तुम्हाला लखलाभ.

निरोप पोचल्यावरही दिव्याचा स्वतःचा स्वभाव उरतोच. मूव्हिंग हेड या मान वळवणाऱ्या दिव्याचं बघा. पुष्कळशा बनावटींत मान वळवण्याच्या वेगाचा एक वेगळा चॅनल असतो आणि त्यात ० म्हणजे सगळ्यांत जलद, २५५ म्हणजे सगळ्यांत संथ. त्याच दिव्यातला स्ट्रोबचा चॅनल मात्र आकडा वाढेल तसा जास्त वेगाने फडफडतो. एकाच धडावर दोन पंथ! शिवाय सॉफ्टवेअरमध्ये फेड ठेवायचा आणि दिव्यातही संथ वेग निवडायचा, असं झालं की दोघंही आपापल्या परीने सावकाश घेतात आणि प्रकाशझोत गायिकेपर्यंत पोचतो तेव्हा ती नमस्कार करून विंगेत गेलेली असते. स्ट्रोबच्या बाबतीत तर चकतीवर हात जपूनच ठेवावा. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा होणाऱ्या लखलखाटाने अपस्माराच्या काही रुग्णांना झटका येऊ शकतो. समितीतल्या तरुण मंडळींचा आग्रह नेमका याच पट्ट्यातल्या वेगासाठी असतो.

संथपणाचेही हाल आहेत. नाटकात दहा मिनिटांची पहाट करायची म्हटली, तर डीएमएक्सच्या साध्या चॅनलवर ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या. सहाशे सेकंदांत २५५ पायऱ्या म्हणजे दर सव्वादोन-अडीच सेकंदांनी एक, आणि एलईडी इतका प्रामाणिक की सुरुवातीच्या मंद उजेडात तो ती प्रत्येक पायरी चढताना दाखवतो. पहाट अडखळत होते. जुना हजार वॅटचा हॅलोजन असं करत नसे. त्याची तार तापायला नि निवायला वेळ घ्यायची आणि तेवढ्यात दोन पायऱ्यांमधला सांधा झाकला जायचा. त्याच्याही आधी मिठाच्या पाण्याचे डिमर होते. नळकांड्यात खारं पाणी, त्यात धातूच्या पट्ट्या. पट्ट्या जवळ येतील तसा उजेड वाढायचा. शॉक बसायची सोय होती, पण पायऱ्या नव्हत्या. वेग ऑपरेटरच्या मनगटात असे आणि मनगट नटाकडे बघत असे.

ते नटाकडे बघणं आता एका चिन्हात आलंय. होल्डच्या रकान्यात अनंताचं चिन्ह निवडता येतं. मग दिवा चढतो आणि कुणी पुढचं बटण दाबेपर्यंत तसाच राहतो. नाटकाला हाच वेग बरा. नट कुठल्या वाक्याआधी किती थांबेल हे त्याच्या दिग्दर्शकालाही सांगता येत नाही, तर ते मिलिसेकंदांत कोण लिहिणार?

गाण्यांच्या कार्यक्रमात मात्र अनंतावर भागत नाही, तिथे 'टॅप' लागतं. चकतीजवळचं हे बटण गाण्याच्या ठेक्यावर दाबत राहायचं. दोन दाबण्यांमधलं अंतर सॉफ्टवेअर मोजतं आणि तीच पायरीची मुदत धरतं. मिनिटाला १२० ठोके पडले तर ५०० मिलिसेकंद. यंदा आमच्या भावगीतांच्या संध्याकाळी तबल्याला तळमजल्यावरचे काका होते. तालमीत त्यांनी माझं टॅप करणं थोडा वेळ सोसलं, मग लॅपटॉप स्वतःकडे ओढला. त्यांच्या तर्जनीने दिवे असे काही मार्गाला लागले, की चूक यंत्रात नव्हती हे सगळ्यांसमोर सिद्ध झालं.

"दुगुन कशी करायची?" काकांनी विचारलं.

"गुणक १/२ करायचा."

"दुगुनीला अर्धा?"

"काका, हा वेळ मोजतो. अर्ध्या वेळात एक पायरी."

हे त्यांना लगेच पटलं. आवर्तनाचा वेळ तोच ठेवून त्यात दुप्पट बोल बसवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना चकतीचा उलटेपणा खटकायचं कारणच नव्हतं. त्यांना खटकलं ते वेगळंच.

"याला सम कळते का रे?"

नाही कळत. टॅपला दोन मात्रांमधलं अंतर कळतं, त्यांतली पहिली कोणती ते नाही. चार पायऱ्यांचा चेसर केरव्याच्या आठ मात्रांत बरोबर बसतो, म्हणून आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण एक गाणं रूपकातलं होतं. सात मात्रांत चार पायऱ्या बसवल्या की समेवर दर खेपेला वेगळाच दिवा येतो आणि पहिला दिवा समेवर परत यायला चार आवर्तनं लागतात. काकांना हे वाजवताना दिसत होतं आणि बोचत होतं. मग मी सात पायऱ्यांचा वेगळा चेसर केला. टॅपने लय द्यायची आणि समेवर त्याचं बटण दाबून पहिल्या पायरीपासून सुरू करायचं, अशी तोड काढली. पहिल्या पायरीला सगळ्यांत झगझगीत पिवळा ठेवला.

"तिथे नको," काका म्हणाले. "रूपकाची सम 'खाली'वर असते. तिथे अंधार कर. उजेड चौथीला आणि सहावीला."

त्यांच्यापुढे काय बोलणार? पहिली पायरी शून्यावर नेली. रंगीत तालमीला सेक्रेटरी आले, दोन मिनिटं दिव्यांकडे बघत उभे राहिले आणि मीटरच्या खोलीकडे निघाले.

"लूज कॉन्टॅक्ट आहे कुठेतरी," ते जाता जाता म्हणाले. "दर थोड्या वेळाने लाइट जातोय."

"थोड्या वेळाने नाही," काका हात न थांबवता म्हणाले, "दर सात मात्रांनी."