ऐकून घेणारे साहेब

काही माणसांच्या कपाळी दुसऱ्यांची गाऱ्हाणी लिहिलेली असतात. सोसायटीत पाणी आलं नाही की लोक चेअरमनला सोडून यांचंच दार वाजवतात. लग्नात विहीणबाई रुसल्या की समजूत काढायला यांनाच पुढे करतात. हे शांतपणे ऐकून घेतात, 'बघतो' म्हणतात, आणि रात्री घरात निजानीज झाली की दिवा लावून डायरी उघडतात. दिवसभर ज्यांच्यासमोर तोंडातून ब्र काढला नाही, त्यांची डायरीत मात्र बिनपाण्याने होते. या जमातीचा मेरुमणी कोण, असं कुणी विचारलं तर मी व्लादिमिर अर्काद्येविच तेल्याकोव्स्की यांचं नाव घेईन. झारच्या रिसाल्यातले कर्नल आणि 1901 ते 1917 या काळात रशियाच्या शाही नाटकघरांचे मुख्य संचालक.

घराणं उमराव. वडील लष्करात जनरल. तटबंदीच्या शास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ नावाजलेला. अशा घरातला 1860 सालचा मुलगा दुसरीकडे कुठे जाणार? उमरावांच्या मुलांसाठीच्या पेज कोअरमधून शिकून तो झारच्या खास पहाऱ्याच्या घोडदळात दाखल झाला. आणि 1898 मध्ये एकदम मॉस्कोच्या शाही नाटकघरांच्या कचेरीवर प्रमुख म्हणून नेमणूक! दरबारखात्याचे मंत्री बॅरन फ्रेडेरिक्स हे पूर्वी त्याच रेजिमेंटचे कमांडर होते, एवढं सांगितलं की मराठी वाचकाला पुढचं सांगावं लागत नाही. नाटकवाल्यांनी नाकं मुरडली. आता हा घोडेस्वार नटनट्यांना खरारा करणार, लगाम घालणार, वेळेवर चंदी देणार! घोडेस्वार पियानो उत्तम वाजवतो, हे त्यांना जरा उशिरा कळलं.

साहेबांकडे सोपवलेला संसार भला थोरला होता. पीटर्सबर्गला मारिइन्स्की, अलेक्झांद्रिन्स्की आणि फ्रेंच नाटकं करणारं मिखाइलोव्स्की. मॉस्कोला बोल्शोई आणि माली. शिवाय नृत्यशाळा, वाद्यवृंद, शिंपीखाना, रंगकाम करणारे, केसांचे टोप करणारे. सगळे सरकारी नोकर. नर्तकींनासुद्धा वीस वर्षं नाचल्यावर पेन्शन. ज्याला पेन्शन आहे त्याला गाऱ्हाणंही असतंच, आणि इथे तर प्रत्येक गाऱ्हाण्यामागे एखादा ग्रँड ड्यूक उभा.

या घरात खरी सत्ता कुणाची हे साहेब येण्याआधीच ठरून गेलं होतं. मातिल्दा क्शेसिन्स्काया ही तिथली सर्वश्रेष्ठ नर्तकी. निकोलाय दुसरा युवराज होता तेव्हा तिची आणि त्याची जवळीक होती. पुढे घराण्यातल्या इतरांशीही. आधीचे संचालक प्रिन्स वोल्कोन्स्की यांनी एका बॅलेत घेरदार झग्याखालचा सांगाडा घालायचा नियम केला. बाईंनी घातला नाही. त्यांनी दंड केला. बाईंनी थेट झारकडे शब्द टाकला, दंड रद्द झाला आणि वोल्कोन्स्कींनी राजीनामा दिला. एका झग्यापायी मोकळी झालेली ती खुर्ची कर्नलसाहेबांच्या वाट्याला आली. दुसरी नर्तकी बाईंच्या गाजलेल्या भूमिकेत उभी राहिली तेव्हा बाईंनी रंगमंचावरच्या खुराड्यातल्या जिवंत कोंबड्या सोडून दिल्या, अशी कथा आजही सांगतात. खरी-खोटी कोंबड्यांना ठाऊक. पण असल्या घरात वरिष्ठ म्हणून बसायचं म्हणजे कातडी गेंड्याची हवी आणि कान हत्तीचे.

दोन्ही साहेबांकडे होते. ते ऐकून घेत. तेनॉर येऊन सांगे, वाद्यवृंद मुद्दाम जोरात वाजवतो. वाद्यवृंदाचं म्हणणं, तेनॉरला ताल नाही. नर्तकीची आई सांगे, मुलीला मागच्या रांगेत ढकललं. सगळ्यांचं ऐकून झालं की रात्री डायरी. फौजेत रोजचा अहवाल लिहिण्याची सवय असते. तीच इथे उतरली असावी, फक्त घोड्यांच्या जागी नट आले. 1898 पासून 1917 पर्यंत हा गृहस्थ लिहीत राहिला. कोण काय म्हणालं, कुणी कुणाची चहाडी केली, मंत्र्यांनी कसे हात झटकले, सगळं. मला या डायरीवाल्यांचा थोडा राग येतो. समोर बोलले असते तर निम्मी भांडणं तिथल्या तिथे मिटली असती. पण मग आपल्याला वाचायला काय उरलं असतं?

साहेबांची दुसरी खोड जास्त मोलाची. एखाद्याला सगळं गाव शिव्या घालायला लागलं की साहेबांची उत्सुकता चाळवायची. फ्योदोर शाल्यापिन हा खर्जातला गायक मारिइन्स्कीत एक हंगाम काढून 1896 मध्ये निघून गेला होता. तिथल्यांना त्याचं काही अप्रूप नव्हतं. तो मॉस्कोत मामोंतोव्ह नावाच्या रेल्वेवाल्या धनिकाच्या खासगी ऑपेरात गायला लागला. नव्या कर्नलने त्याला ऐकलं, आणि घोडदळाचा छापा पडावा तसा, गाजावाजा न करता, तीन वर्षांचा करार त्याच्यापुढे ठेवला. खर्जाच्या गायकाला एवढी बिदागी? वरच्या कचेरीत भुवया उंचावल्या. साहेबांचं म्हणणं असं, की आपण नुसता आवाज विकत घेतलेला नाही. 1899 मध्ये तो बोल्शोईत मेफिस्टोफेलिस म्हणून उभा राहिला, आणि पुढे तिकिटांच्या रांगांनी वाद मिटवला.

बिदागीचा वाद मिटला, शाल्यापिनचा नाही. तो वाद्यवृंदाशी भांडे, गायकवृंदाशी भांडे, टोप बसवणाऱ्याशी भांडे. 1910 मध्ये बोल्शोईत 'रुसाल्का' चालू असताना वाद्यवृंदाचं संचालन करणाऱ्याशी लयीवरून बिनसलं आणि स्वारी प्रयोग अर्धवट टाकून चालू लागली. शिस्तीच्या माणसाने काय करावं? दंड? साहेबांनी शाल्यापिनचीच बाजू घेतली. लय खरंच चुकली होती, असं त्यांचं मत. पळून गेलेल्या शिपायाला लष्करात काय शिक्षा देतात हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच! पण शिपाई दुसरा मिळतो, हेही त्यांना माहीत होतं.

मेयरहोल्डची गोष्ट तर या खोडीचा कळस. 1907 च्या अखेरीस नटी कोमिसार्झेव्हस्कायाबाईंनी या दिग्दर्शकाला आपल्या नाटकघरातून काढून टाकलं. वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडली होती. सगळे एवढे शिव्या देतात त्याअर्थी माणूस बघण्यासारखा असणार, असं म्हणून साहेबांनी त्याला बोलावून घेतलं आणि 1908 मध्ये झारच्या पगारावर नेमलं. म्हणजे शहरातला सर्वांत बंडखोर दिग्दर्शक सर्वांत कर्मठ नाटकघरात! 1910 मध्ये त्याने मोलिएरचा 'डॉन ज्युआन' पडद्याशिवाय, प्रेक्षागृहातले दिवे न मालवता केला. वार्लामोव्ह हा लाडका विनोदी नट वयाने आणि वजनाने हलेनासा झाला होता, तर मेयरहोल्डने त्याच्यासाठी रंगमंचावर बसायला बाकं ठेवली. थोरामोठ्यांची सोय बघावी ती अशी.

1911 चा जानेवारी मात्र साहेबांनी कसा काढला असेल ते तेच जाणोत. मारिइन्स्कीत झार आलेले, 'बोरिस गोदुनोव्ह' चालू. मध्येच गायकवृंदाने शाही बॉक्सकडे तोंड करून गुडघे टेकले आणि राष्ट्रगीत सुरू केलं. मनात होतं पगार-पेन्शनचं गाऱ्हाणं. म्हणजे साहेबांच्याच कचेरीविरुद्ध, साहेबांच्या डोक्यावरून, साहेबांच्याच नाटकघरात. त्या गर्दीत शाल्यापिनही गुडघ्यावर. बाहेर पडायला वाटच नव्हती, असं तो पुढे सांगत राहिला. पण पुरोगामी दोस्त भडकले आणि चित्रकार सेरोव्हने संबंध तोडले. हे निस्तरतंय तोवर त्याच महिन्यात नर्तक निझिन्स्की 'जिझेल' या बॅलेमध्ये घट्ट विजारीवर नेहमीची आखूड चड्डी न घालताच रंगमंचावर आला. प्रेक्षागृहात राजमाता! निझिन्स्कीला बडतर्फ केलं. माफी माग, मिटवून टाकू, असंही सुचवण्यात आलं, पण त्याने मागितली नाही आणि तो कायमचा द्यागिलेव्हच्या बॅलेमंडळीत गेला. झग्याखालच्या सांगाड्याने एक संचालक घालवला आणि चड्डीने जगातला पहिला नर्तक. हे नाटकघर कपड्यांच्या बाबतीत कमनशिबी होतं खरं.

कपड्यांवरून आठवलं. साहेबांच्या सौभाग्यवती गुर्ली लोगिनोव्ना स्वतः नाटकांचे पोशाख काढत. साहेबांना त्यात काही वावगं वाटत नसे. बाकी सगळ्यांना वाटे. वयोवृद्ध बॅलेगुरू पेतिपा यांनी आपल्या आठवणींत या जोडप्यावर मनसोक्त तोंडसुख घेतलं आहे. पेतिपांचंही खरं होतं. पंचाऐंशीच्या घरात त्यांनी 'जादूचा आरसा' बसवला, साहेबांनी त्याला चित्रकार गोलोव्हिनचं नवीन धाटणीचं नेपथ्य दिलं, आणि 1903 मध्ये लोकांनी शिट्ट्या मारल्या. नव्याच्या हौसेत जुन्या माणसाला दुखवायचं नसतं, एवढं साध्या घरकारभाऱ्यालाही कळतं. साहेबांना ते कळलं नाही, की कळून वळलं नाही?

गोलोव्हिनवर त्यांचा जीव होता हे खरं. लेर्मोन्तोव्हच्या 'मास्कराद' नाटकासाठी त्याने पोशाख, खुर्च्या, ग्लास, पत्त्यांच्या टेबलांची हजारो चित्रं काढली. मेयरहोल्डच्या तालमी सुरू झाल्या 1911 मध्ये, आणि 1917 उजाडलं तरी पडदा उघडेना. या प्रकारात वर्षं गेली, रुबल गेले, साहेबांचे केस किती गेले ते लिहायचं राहिलंय. शेवटी पहिला प्रयोग ठरला तिकडच्या जुन्या पंचांगाप्रमाणे 25 फेब्रुवारीला. बाहेर क्रांती. रस्त्यावर गोळीबार, आणि आत अलेक्झांद्रिन्स्कीत हाऊसफुल्ल! युद्धात माणसं उपाशी मरताहेत आणि हे मखमलीवर पैसा उडवताहेत, असं टीकाकारांनी झोडपलं. चूक म्हणता येणार नाही. आठवड्याभरात झार गेला, काही महिन्यांत साहेबांची खुर्ची गेली, आणि 1924 मध्ये साहेबही गेले.

तो उधळपट्टीचा प्रयोग मात्र नव्या राजवटीने चालू ठेवला. कामगारांनी पाहिला, सैनिकांनी पाहिला. मेयरहोल्डला 1940 मध्ये गोळ्या घातल्या, त्याचं नाव जाहिरातीवरून पुसलं, तरी 'मास्कराद' 1941 पर्यंत लागत होतं आणि तिकिटं खपत होती. कचेरीतल्या कुणा हिशेबनिसाने तेव्हा बेरीज केली असती, तर कर्नलसाहेबांचा खर्च वसूल झालेला निघाला असता.