म्हैसमाळची स्वारी आणि देवगिरीचा वेढा

प्रवासास निघताना मनुष्याने काही उदात्त हेतू मनाशी बाळगावा, असे म्हणतात. आमच्या म्हैसमाळच्या स्वारीचा हेतू मात्र निखळ मत्सर हा होता. आमचे साडू कॉफीच्या यंत्रांच्या धंद्यात असल्यामुळे कंपनीच्या खर्चाने कोलंबिया देशातील मनिझालेस या गावी जाऊन आले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरी चहा पिणे अशक्य झाले. 1849 साली अँडीजच्या धारेवर सुमारे 2,150 मीटर उंचीवर वसवलेले ते नगर, उतारावर पसरलेले कॉफीचे हिरवेगार मळे, क्षितिजावर बर्फाची टोपी घालून बसलेला रुईझ नावाचा जागृत ज्वालामुखी, आणि कॉफीची पोती खाली मारिकिताला उतरवण्यासाठी 1922 साली तिथे सुरू झालेला 72 किलोमीटरांचा तारमार्ग, या सर्वांचे साद्यंत वर्णन करून झाले की साडू बशी खाली ठेवत आणि सुस्कारा टाकत, “आपल्या मराठवाड्यात कुठलं आलंय असलं!”

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालवलेल्या मनुष्यास आपल्या जिल्ह्याची अशी बेअदबी सहन होत नाही. मी तत्काळ म्हैसमाळचे नाव पुढे केले. छत्रपती संभाजीनगरापासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर, खुलताबाद तालुक्यात, हजार मीटरांहून किंचित अधिक उंचीवर असलेल्या या पठारास ‘मराठवाड्याचे महाबळेश्वर’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा प्रघात ज्याने पाडला त्याची कधीतरी चौकशी व्हावयास हवी, कारण दोन्ही स्थळांवर त्याने अन्याय केला आहे. परंतु साडूंसमोर मी ते बिरुद विनातक्रार वापरले.

श्रावणातल्या शनिवारी दोन्ही कुटुंबे एका मोटारीत कोंबून आम्ही कूच केले. श्रावणी शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीच्या दर्शनास हजारो माणसे शहरातून पायी निघतात, ही गोष्ट आबालवृद्धांस ठाऊक असते. ती साडूंना ठाऊक नव्हती आणि मुहूर्त त्यांनी काढला होता. तरीही दौलताबादपर्यंत आमची मजल निर्वेध झाली. तिथे जुना रस्ता किल्ल्याच्या तटातून, दिल्ली दरवाजाच्या कमानीखालून जातो; आणि त्या कमानीत, कांद्याच्या पोत्यांनी शिगोशीग भरलेला एक ट्रक, ताडपत्रीचा कुबड दगडात रुतवून, पुढेही नाही नि मागेही नाही अशा अवस्थेत उभा होता.

देवगिरीचा हा किल्ला यादवांनी बांधला, महंमद तुघलकाने 1327 साली त्यास दौलताबाद हे नाव देऊन दिल्लीची राजधानी इथे आणली, 1633 साली महाबतखानाने कित्येक महिने वेढा घातला तेव्हा कुठे तो मोगलांच्या हाती आला; डोंगराचा कडा तासून काढलेला, भोवती खडकात खोदलेला खंदक, वर जाण्यास काळोखी अंधारीची वाट. शत्रूस अडवावे एवढ्याच एका हेतूने ज्यांनी हा तट रचला, त्या गवंड्यांचे कसब इतक्या शतकांनंतरही शाबूत आहे याची खातरी मला त्या दिवशी पटली. मागे मोटारी, रिक्षा, जीपगाड्या आणि एक वऱ्हाडाची बस यांची रांग लागली, आणि परतण्याचा मार्गही बंद झाला.

अशा प्रसंगी आपल्या देशात सल्लागारांची वाण पडत नाही. कोणी म्हणाला, पोती उतरवा. कोणी म्हणाला, मागून ढकला. वऱ्हाडातल्या एका सद्गृहस्थाने, कमानीचा एखादा दगड काढला तर पुरातत्त्व खात्यास काय कळणार आहे, अशी पृच्छा केली. हवालदारसाहेब बंदोबस्तास आले, त्यांनी शिटी फुंकली, आणि शिटीने ट्रक हलत नाही असे निष्पन्न झाल्यावर ते सावलीत उभे राहिले. मी सवयीने वहीत घटनेची कैफियत लिहू लागलो. सौभाग्यवतीने ती वही काढून घेतली.

दुपार झाली तेव्हा डबा उघडण्याचा ठराव एकमताने संमत झाला. चार पुडांचा तो पितळी डबा आमच्या सासुरवाडीचा. पहिल्या पुडात हिरव्या मिरच्यांचा ठेचा निघाला, दुसऱ्यात लिंबाचे लोणचे, तिसऱ्यात जवसाची चटणी, आणि चौथ्यात कागदाच्या पुडीत मीठ. धपाटे कुठे आहेत, या प्रश्नावर दोघी बहिणी एकमेकींकडे पाहून एकाच वेळी म्हणाल्या, “तू घेतलेस ना?” अल्लाउद्दीन खिलजीने 1296 साली याच देवगिरीवर चाल केली, तेव्हा रामदेवरायाने धान्य समजून गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघाले, अशी आख्यायिका मी लहानपणी ऐकली होती आणि तिच्यावर माझा कधी विश्वास बसला नव्हता. आता बसला. मी ती हकीकत उपस्थितांस सांगू लागलो. ती ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते.

एवढ्यात माझ्या ध्यानात आले की ट्रक आणि भिंत यांच्यामधल्या हातभर फटीतून पायी यात्रेकरू अव्याहत पलीकडे जात आहेत. त्यांतली एक म्हातारी मोटारीच्या खिडकीशी थांबली. पाय सुजलेले, वहाणा पिशवीत. आमची उघडी पुडे तिने एकवार न्याहाळली, आणि वाटेवरच्या कुणा मंडळाने तिला दिलेली दोन केळी नि राजगिऱ्याचा लाडू माझ्या मांडीवर ठेवला. “खा बापू. लेकरं उपाशी हायेत.” मी म्हटले, “आजी, तुम्हांला?” “मारुतीराया देतोय की पुढं,” एवढेच बोलून ती फटीतून निघून गेली. सकाळपासून कोलंबियाखेरीज दुसरा विषय न काढणारे आमचे साडू दार उघडून तिच्यामागे धावले. पाया पडायचे होते त्यांना, पण ती सापडली नाही. बराच वेळ गाडीत कोणी बोलले नाही.

ट्रक अखेर सोडवला तो क्लीनर पोराने. मिसरूडही न फुटलेला तो मुलगा आतापर्यंत टपावर बसून सगळ्यांचे सल्ले ऐकत होता. तो खाली उतरला, एकेका चाकाजवळ उकिडवा बसून त्याने खिळ्याच्या टोकाने व्हॉल्व्ह दाबला आणि बेताबेताने हवा सोडली. फुसफुस आवाज करीत ट्रक बोटबोट खाली बसला, ताडपत्री दगडापासून सुटली, आणि ड्रायव्हरने गाडी अलगद बाहेर काढली. हवालदारसाहेबांनी पुन्हा शिटी फुंकली.

म्हैसमाळास पोचलो तेव्हा पठारावर दाट धुके उतरले होते. गिरिजादेवीचे देऊळ दिसले, कारण आम्ही त्याच्या पायरीला अडखळलो. बालाजीच्या देवळाची घंटा ऐकू आली. दूरदर्शनच्या मनोऱ्याचा फक्त पायथा दिसला. दरीच्या कडेला ओले गवत, पायांखाली कुणीतरी फेकलेल्या बाटल्या, आणि समोर पांढरा शून्याकार. भाजलेल्या कणसांवर आमच्या डब्यातले मीठ नि लिंबाच्या लोणच्याचा खार चोळून आम्ही ती खाल्ली. साडूंनी चौथे कणीस संपवून आपला अभिप्राय नोंदवला, “मनिझालेसलाही ज्वालामुखी धुक्यामुळं दिसलाच नव्हता.”

ज्या वाचकांस ही हिरवाई पाहण्याची इच्छा असेल त्यांनी मंगळवारी निघावे. त्या दिवशी वेरूळची लेणी बंद असतात, त्यामुळे रस्त्यावर गर्दी कमी असते. म्हैसमाळ कोणत्याही वारी बंद नसते.