घरच्या घरी कट्टा कसा लावावा

ज्याला दही लावता येतं, त्याला कट्टाही लावता येतो. दोन्हींना विरजण लागतं, दोन्ही सारखं झाकण उघडून पाहिलं की बिघडतात, आणि दोन्ही जमलं तर त्याचं श्रेय हवामानाला देण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

सांगणाऱ्याचा अधिकार आधी सांगतो. आमचा सहा जणांचा कट्टा पूर्वी दादरला शिवाजी पार्कच्या कठड्यावर भरायचा. पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, घरं परवडेनाशी झाली आणि एकेक जण पांगला. आता एक नाशिकला, एक कोल्हापूरला, एक डोंबिवलीत, एक न्यू जर्सीतल्या एडिसनला, एक मेलबर्नला आणि मी ठाण्यात. २२ मार्च २०२० रोजी थाळ्या वाजवून झाल्या, तीन दिवसांनी देश बंद झाला, आणि वीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते पंधरवड्यात जमलं. सगळे एकाच वेळी घरी सापडले. तेव्हापासून दर रविवारी कट्टा भरतो. देश कधीच उघडला, पण आम्ही आत बसलोय ते बसलोयच.

साहित्य : मित्र पाच किंवा सहा. सातवा घालू नये, कारण मोबाइलच्या पडद्यावर चौकोनांची गर्दी होते आणि मग कोण बसून काय करतो ते कळत नाही. सहांपैकी एक भांडकुदळ असावा, तेच विरजण. आमचा नाशिककर ‘कसे आहात?’ या प्रश्नावरही हरकत घेऊ शकतो. एक कमी बोलणारा असावा. एक परदेशी असल्यास स्वाद वाढतो, दोन असल्यास गणित यावं लागतं.

ते गणित असं. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. रविवारी संध्याकाळचे सहा धरले, तर उन्हाळ्यात एडिसनला सकाळचे साडेआठ असतात आणि मेलबर्नला रात्रीचे साडेदहा. इथवर ठीक. पण अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे जातात, आणि मेलबर्नची त्याआधीच, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, तासभर पुढे गेलेली असतात. म्हणजे हिवाळ्यात एकाला साडेसातला उठवायचं आणि दुसऱ्याला साडेअकरापर्यंत जागवायचं. मार्च आणि ऑक्टोबरमध्ये तर काही आठवडे एकाचं घड्याळ फिरलेलं असतं आणि दुसऱ्याचं फिरायचं असतं. त्या काळात कोणी कोणाला वेळ समजावून सांगू नये, मैत्री तुटते. आपण फक्त ‘आपले सहा’ म्हणावं आणि गप्प बसावं.

घड्याळाचा अभिमान आपल्यालाही कमी नाही म्हणा. मुंबईने १९५५पर्यंत स्वतःची वेगळी वेळ चालवली होती, देशापेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे. आमचा डोंबिवलीकर अजून तीच पाळतो. देश बंद झाला तेव्हा व्हॉट्सअॅपच्या कॉलवर चौघंच मावायचे, म्हणून आम्ही झूमवर गेलो. तिथे फुकटातली बैठक चाळीस मिनिटांनी आपोआप बंद होते. म्हणजे डोंबिवलीकराच्या वाट्याला बरोबर एक मिनिट येतं. त्यात तो ‘आवाज येतोय का?’ असं विचारतो.

आता नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक. ती आम्ही पहिले दोन महिने मन लावून केली. आम्ही कार्यक्रम ठरवले. एका रविवारी अंताक्षरी, एका रविवारी प्रश्नमंजूषा, एकदा लुडो. एडिसनवाल्याने तर विषयांची यादी करून आदल्या दिवशी पाठवली : एक, सर्वांची खुशाली (प्रत्येकी दोन मिनिटं). हे वाचताच मला आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवली. प्रत्येकाने आपापली खुशाली सादर केली, बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि चाळीस मिनिटं संपली तेव्हा सगळ्यांना सुटका झाल्यासारखं वाटलं. एखाद्याने ठराव मांडला असता तर अनुमोदनही मिळालं असतं.

असं का होतं, याचा मी बराच विचार केला. पहिलं कारण यंत्राचं आहे. माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला पाव सेकंदही लागत नाही. आपल्या कट्ट्यावर तर दुसऱ्याचं वाक्य पहिल्याच्या आधी संपतं. पण मेलबर्नहून आवाज यायलाच वेळ लागतो, शिवाय दोघं एकदम बोलले की यंत्र एकालाच निवडतं आणि दुसऱ्याला दाबून टाकतं. मग दोघंही थांबतात. ‘बोल बोल.’ ‘नाही, तू बोल.’ शिवाजी पार्कवर पंधरा वर्षांत आम्ही एकमेकांना ‘तू बोल’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. इतकी सभ्यता कट्ट्याला मारक असते.

दुसरं कारण मला एका रविवारी लसूण सोलताना सापडलं. कट्ट्यावर मित्र कधी समोरासमोर बसतात का? नाही. ते शेजारी शेजारी बसतात, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. डोळे येणाऱ्या-जाणाऱ्यांवर आणि कान एकमेकांकडे. पडद्यावर मात्र पाच चेहरे सरळ आपल्याकडे रोखून बघतात, आणि सहावा आपलाच, तोही आपल्याला आवडत नाही अशा कोनातून. ही गप्पांची मांडणीच नव्हे, हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला. फरक इतकाच की पोहे मिळत नाहीत.

म्हणून कृती अशी. प्रत्येकाने हाताला काम घ्यावं. लसूण सोलणं उत्तम, मेथी निवडणं चांगलं, इस्त्री चालेल, मटार हंगामात. घरातली मंडळी सुरुवातीला संशयाने बघतील, महिन्याभरात पिशवी स्वतःच आणून ठेवतील. मग फोन खिडकीत टेकवावा, मागचा कॅमेरा चालू, रस्त्याकडे. आपलं तोंड दिसणार नाही. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा नाशिककराने अर्थातच हरकत घेतली. पण दहा मिनिटांत पडद्यावर पाच रस्ते उभे राहिले. कोल्हापुरात एक म्हैस सावकाश चालली होती आणि तिच्यामागे चार मोटारसायकली तितक्याच सावकाश. एडिसनला कोणीतरी कुत्रा फिरवत होतं. मेलबर्नला नुसता एक दिवा आणि ओला रस्ता. डोंबिवलीचा चौकोन अर्थातच काळा होता. ‘ती बाई परत आली बघ,’ कोल्हापूरकर म्हणाला. ‘कुठली?’ एडिसनवाला. ‘तुझ्याकडची, कुत्रेवाली.’ आणि मग पुढची अर्धी घटका पाच प्रौढ माणसांनी एका परक्या बाईच्या कुत्र्याची जात, वय आणि स्वभाव ठरवण्यात घालवली. कोणी कोणाला ‘तू बोल’ म्हटलं नाही. मला तेव्हा कळलं, लागलं.

चहा ज्याचा त्याने करावा. टपरीवर बिल कोण देणार यावरून जो झगडा व्हायचा तो घरून करता येत नाही, ही उणीव आहे हे मान्य करतो. आम्ही त्यावर तोड काढली : दर रविवारी एकाने बाकीच्यांना यूपीआयवर चहाचे दहा-दहा रुपये पाठवायचे. एडिसनवाल्याच्या नावावर अजून उधारी चालू आहे. कॉलेजातही तेच होतं.

व्हॉट्सअॅपचा गट असावा, पण तो फक्त ‘आलो’, ‘पाच मिनिटं’ आणि ‘लिंक टाक’ एवढ्यासाठी. सकाळची फुलं पाठवणाऱ्याला समज द्यावी.

आता निरोप. आपल्याकडे निरोप हा गप्पांचा शेवट नसून उत्तरार्ध असतो. ‘चला, निघतो’ म्हटल्यावर माणूस उठतो, चपला घालतो आणि उंबरठ्यात अर्धा तास उभा राहून खरं काय ते सांगतो. मनातली गोष्ट चपला घातल्याशिवाय बाहेर येत नाही. पडद्यावर उंबरठा नाही, एक लाल बटण आहे. म्हणून चाळीस मिनिटांची मर्यादा काढण्यासाठी पैसे भरू नयेत. मध्येच कॉल तुटतो, सगळे पुन्हा येतात, आणि दुसऱ्या खेपेला माणसं उंबरठ्यातलं बोलतात. नाशिककराच्या शस्त्रक्रियेबद्दल आम्हाला अशा दुसऱ्या खेपेलाच कळलं. आणि निघताना हात हलवू नये, आपण काय फलाटावर उभे नाही. ‘येतो रे’ म्हणावं.

२०२१च्या एप्रिलमध्ये कोल्हापूरकराची आई गेली. कुणाला जाण्याची सोय नव्हती. त्या रात्री कॉल तीनदा तुटला, तीनदा लावला. कोणी फारसं बोललं नाही, डोंबिवलीकर वेळेवर आला होता. या प्रसंगाची कृती माझ्याकडे नाही.

बाकी सगळं सरावाने जमतं. पहिले दोन-तीन कट्टे पातळ लागतील, फेकून देऊ नयेत. रविवारी संध्याकाळी सहाला सुरुवात करा, आणि बसताना लसणाची एक गड्डी जवळ ठेवा. दोन असल्यास उत्तम, कारण तुमचाही कोणीतरी डोंबिवलीकर असणारच.