साठ म्हणजे साठ

कसाऱ्याहून विहीगावमार्गे आलेली जीप खोडाळ्याच्या नाक्यावर रिकामी झाली, की सगळ्यांत शेवटी तपासणीवाला उतरतो. त्याच्या मांडीवर एक डबा असतो. गर्दीत त्याला धक्का लागू नये म्हणून हा जागचा हलत नाही.

डब्याचं नाव ईसीजी सिम्युलेटर. अंगाला दहा खुंट्या, पोटात नऊ व्होल्टची बॅटरी. दवाखान्यातल्या ईसीजी मशीनच्या दहा वायरी त्याला जोडल्या, की मशीनला वाटतं, पेशंटच झोपलाय. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तिथं माणूस मुखवटा घालून देवाचं सोंग काढतो, इथं डबा माणसाचं.

"लाल उजवा हात, पिवळा डावा, हिरवा डावा पाय, काळा उजवा," असं पुटपुटत तो वायरी लावतो, ते बाळाला अंगडं घातल्यासारखं. मग सेटिंग. ठोके मिनिटाला 60, उंची 1 मिलिव्होल्ट. पट्टी बाहेर पडली, की खिशातून भिंग आणि स्टीलची मोजपट्टी निघते. शिखर 10 मिलिमीटर उंच हवं, दोन शिखरांत 25 मिलिमीटर अंतर हवं. परवा 24 भरलं. ठरलेलं लग्न मोडावं तसा चेहरा झाला.

"डॉक्टर, कागद हळू सरकतोय! साठाचे साडेबासष्ट दिसणार!"

"आमचा पेशंट घाट चढून येतो हो. दारात पोचेपर्यंत त्याचे शंभर झालेले असतात."

"तो त्याचा प्रश्न. साठ म्हणजे साठ."

तेवढ्यात रेषेवर बारीक कुसळं उगवली. "फ्रिज कुणाचा? 50 हर्ट्झ शिरतंय!" सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "त्यात लसी आहेत. तो बंद होणार नाही." शेवटी टेबल, मशीन, डबा अशी वरात पलीकडच्या भिंतीला गेली.

चहा घेताना तो हमखास आइंटहोवनवर येतो. लायडनचे हे शास्त्रज्ञ. 1924 चं नोबेल यांना ईसीजीसाठीच मिळालं. त्यांचं पहिलं यंत्र चालवायला पाच माणसं लागत आणि रोगी हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे. याला हळहळ वेगळीच. "त्या बिचाऱ्याकडे डबा नव्हता. माणसावर तपासायचा! माणसाचा काय भरवसा?"

मग त्यानं बटण दाबून रेषा सपाट केली. बाकावरची आजी दचकली. "गेला का रं?"

"गेला नाही आजी, मी घालवला. आणतो परत." आणि आणला. आजीनं हात जोडले. ते डब्याला की याला, कळलं नाही. मला वाटतं त्यालाही कळायला नको होतं. तो जरा ताठ झाला.

डॉक्टर मिश्कील. त्यांनी त्यालाच खाटेवर झोपवलं. पट्टी आली. ठोके 96. तो उठून बसला, पट्टी उलटसुलट केली आणि विचारलं, "हे कमी कुठून करायचं?"

"चहा, तंबाखू, जागरण."

त्यानं मशीनवर तारखेचं स्टिकर चिकटवलं, 'तपासले, योग्य'. स्वतःची पट्टी घडी करून खिशात घातली. तिला भिंग लावलं नाही.