भिंतीवरचा फार्मासिस्ट

औषधांच्या किरकोळ दुकानाचा दर्जा प्रथम क्षेत्रफळावरून ठरतो. 1945 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार अशा दुकानाला किमान 10 चौरस मीटर जागा लागते. परवाना मिळण्याच्या दिवशी ही जागा मोकळी असते. पुढे तीत डायपरचे गठ्ठे, प्रोटीन पावडरचे डबे, आइस्क्रीमचा फ्रीझर आणि मालकाच्या मेहुण्याचे मोबाइल रिचार्जचे टेबल येते. औषधे उरलेल्या जागेत मावतात.

दुसरा निकष फार्मासिस्टचा. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः द्यावे किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले जावे, असे नियम 65 सांगतो. 1948 च्या फार्मसी कायद्याचे कलम 42 ही त्याच मताचे आहे. या नियमाचे पालन दोन प्रकारे होते. काही दुकानांत फार्मासिस्ट काउंटरमागे असतो. काहींत तो काउंटरच्या वर, फ्रेममध्ये असतो. फ्रेममधला फार्मासिस्ट फार सोयीचा. तो रजा घेत नाही, दिवाळीला बोनस मागत नाही आणि ‘आधीपासून कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ असले प्रश्न विचारून गिऱ्हाइकाचा खोळंबा करत नाही. त्याचे सर्टिफिकेट भाड्याने मिळते. भाडे दरमहा पोचते. तो मात्र बहुधा परगावी एखाद्या कंपनीची औषधे डॉक्टरांच्या गळी उतरवत हिंडत असतो. कोणी चौकशी केलीच, तर ‘सर आत्ताच जेवायला गेलेत’ हे उत्तर तयार असते. हे जेवण सकाळी शटर उघडताना सुरू होते आणि रात्री शटर पडेपर्यंत चालते.

2012-13 च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी सरांना जेवणावरून उठवण्याचा हट्ट धरला. त्यावर विक्रेत्यांच्या संघटनेने दुकाने बंद ठेवण्याचे हत्यार उपसले. कायद्यात जे आधीपासून लिहिलेले आहे ते करायला सांगितले म्हणून संप होतो, ही गोष्ट अभ्यासकांनी टिपून ठेवण्यासारखी आहे.

सर जेवत असताना औषध देतो तो काउंटरवरचा मुलगा. तो हुशार असतो, चलाख असतो, आणि औषधे खोक्याच्या रंगावरून ओळखतो. कंपनीने वेष्टन बदलले की त्याचे वर्षभराचे शिक्षण वाया जाते. चिठ्ठीवरच्या शेड्यूल ‘एच’ किंवा ‘एक्स’मधील औषधाऐवजी दुसरे देण्यास मनाई आहे. ‘तेच आहे हो, कंपनी वेगळी’ या पाच शब्दांत तो ही मनाई रोज पार करतो.

चिठ्ठीचे शास्त्र याहून गहन आहे. शेड्यूल ‘एच’मधली औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ते कोणी मनावर घेईना, म्हणून मार्च 2014 पासून शेड्यूल ‘एच-वन’ आले. त्यात सेफिक्झिमसारखी प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे, अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या वळणाच्या गोळ्या अशी 46 औषधे घातली. यांच्यासाठी वेगळी नोंदवही हवी. तीत डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या लिहून ती तीन वर्षे जपायची. तेही पुरेना, तेव्हा 2016 मध्ये आरोग्य मंत्रालयाने लोकांना प्रतिजैविकांच्या पाकिटावरची लाल रेघ ओळखायला शिकवले. ती रेघ दिसली की डॉक्टरला विचारा, असा संदेश. गिऱ्हाइकाने त्याचा वेगळाच बोध घेतला: ‘ती लाल पट्टीवाली स्ट्राँग गोळी द्या, साधीने फरक पडत नाही.’ नोंदवही मात्र भरलेली असते. महिनाअखेरीस एकाच बैठकीत, एकाच पेनाने आणि आठवतील त्या आडनावांनी ती भरली जाते. त्यामुळे काही गावांत पाटील कुटुंबांना संसर्ग फार होतात, असा निष्कर्ष निघू शकतो.

औषध दुकानातले सर्वांत घातक उपकरण म्हणजे कात्री. पट्टीवरचा बॅच क्रमांक, किंमत आणि मुदत बहुधा एका टोकाला छापलेली असते. गिऱ्हाईक चार गोळ्या मागते. कात्री चालते, कोऱ्या टोकाच्या चार गोळ्या कागदी पाकिटात पडतात, पाकिटावर ‘1-0-1’ लिहिले जाते. घरी गेल्यावर चमकत्या कागदावर ‘रासिटा’ एवढीच अक्षरे सापडतात. हे पॅरासिटामॉल असावे असा अंदाज बांधायचा. दोन महिन्यांनी त्या गोळ्या डब्यात सापडल्या तर मुदत विचारायची कोणाला? ती दुकानात राहिली. पट्टी कापणे नेहमीच गैर नसते. ज्याच्या खिशात चार गोळ्यांचेच पैसे आहेत, त्याच्यावर पंधरा लादणे हाही जुलूमच. पाकिटावर नाव, बॅच आणि मुदत लिहायला अर्धा मिनिट पुरतो. तेवढा वेळ दुकानात नसतो, कारण मागे कोणाला तरी डायपर हवे असते.

फ्रिजचा प्रकार थोडक्यात सांगता येतो. इन्सुलिनचा साठा 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो आणि गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. काही फ्रिजांत इन्सुलिनशेजारी पाण्याच्या बाटल्या आणि मालकाचे ताक असते. रात्री विजेची बचत म्हणून बटण बंद होते. तापमानाच्या तक्त्यावर सकाळ, दुपार, संध्याकाळ ‘5’ असा आकडा आढळतो. लोडशेडिंगच्या दिवशीही ‘5’च. हिमालयातही इतके स्थिर हवामान नसेल.

मुदत संपलेला माल विक्रीच्या मालापासून वेगळा, ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहून ठेवावा, हा नियम मात्र बऱ्याच ठिकाणी पाळला जातो. कंपनीकडून त्याचे पैसे परत मिळतात, हे त्यामागचे कारण असावे.

राहता राहिले गिऱ्हाईक. भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची जुडी उलटीसुलटी करून पाहणारा हा माणूस औषध हातात पडल्यावर मुदत वाचत नाही. फार्मासिस्ट कोठे आहे हे विचारत नाही. उलट चिठ्ठी मागणाऱ्या प्रामाणिक दुकानदाराला ‘तुमच्यापेक्षा तो समोरचा बरा’ असे ऐकवून रस्ता ओलांडतो. औषध बाधले आणि तक्रार करायची वेळ आली, तर औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत सांगणारा त्याच्या हातातला एकमेव पुरावा म्हणजे बिल. ‘बिल करू का?’ असे दुकानदार विचारतो, तेव्हा तो म्हणतो, ‘नको.’